पारूबाईचे रिठे आणि मंजुषाचा नवस

शरणापूर फाटा मागं पडला आणि पारूबाईनं तिसऱ्यांदा बूट काढून झटकले. बूट तिच्या मुलाचे, राजकुमारचे. दोन नंबर मोठे होते म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या होत्या, आणि त्या चिंध्या चालता चालता टाचेकडं निघून येत होत्या. शेजारी मंजुषा अनवाणी उभी होती, कारण तिचा नवसच तसा होता.

"एक बूट तू घाल, एक मी घालते," पारूबाई म्हणाली. "अर्धा नवस तरी पोचंल."

"मावशी, देवाशी असली घासाघीस चालत नाही."

"तुझ्या देवाला मी काय म्हनले? मी बुटाचं म्हनले."

श्रावणातला शनिवार होता. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेल्या माणसांनी रस्ता भरून गेला होता. कॉलेजची पोरं होती, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया होत्या, मागून स्पीकर लावलेला टेम्पो रांगत होता. या दोघी पहाटे पाचला पडेगावहून निघाल्या होत्या. आता साडेसात होत आले होते आणि पारूबाई सकाळपासून नको तेवढी गप्प होती. म्हणजे बोलत होती, पण बुटांबद्दलच.

शहरातल्या एका फार्मसी कॉलेजात मंजुषा एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळते. परीक्षानळ्यांपासून चहाच्या कागदी कपांपर्यंत सगळं तिच्या कपाटांत, आणि कपाटांच्या किल्ल्या तिच्या पर्समध्ये. पारूबाई त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काचेची भांडी धुते. कागदावर तिचं पद 'परिचर, कंत्राटी'. पोरं तिला मावशी म्हणतात, मंजुषाही मावशीच म्हणते. कॉलेजच्या आवारात पारूबाई तिला 'स्टोअर मॅडम' म्हणून हाक मारते आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'मंजू'.

पारूबाईच्या घरात बाबासाहेब आणि बुद्ध. मारुतीशी तिचं ना वैर ना व्यवहार. ती चालायला आली ती मंजुषासाठी. "तुझे गुडघे तुला अर्ध्यात सोडून देतेन," ती आदल्या दिवशी म्हणाली होती, "माझे हायेत ना. तू देवाला भेट, मी भाईर सावलीला भेटते."

काचेवर तिचा फार जीव. तिची आई छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर धुणीभांडी करायची. एकदा कपाचा कान तुटला, तर त्याच दुपारी आईला मागच्या दारानं घालवून दिलं. पारूबाई तेव्हा आठ वर्षांची होती आणि आईच्या पदराला धरून त्याच दारातून बाहेर पडली होती. तिचं म्हणणं एकच. साठीला आपण काम सोडायचं ते पुढच्या फाटकातून, आपल्या पायानं, पोरांनी दिलेला नारळ हातात घेऊन. कोणी काढलं म्हणून नव्हे. साठीला दोन वर्षं उरली होती. करार दर ऑगस्टअखेर नवा व्हायचा, आणि आज ऑगस्टची कितवी तारीख ते दोघींना पाठ होतं.

भांडं ती शुद्ध पाण्यानं तीनदा विसळणार म्हणजे विसळणारच. एखादं पोरगं म्हणालं, मावशी, झालं की चकचकीत, तर ती म्हणायची, "काचेला आठवन ऱ्हाती, बाळा. तीनदा विसळल्याबिगर ती इसरत नाय." आख्ख्या कॉलेजात एवढ्या एकाच गोष्टीचा तिला गर्व होता.

आता या गोष्टीतली तिसरी बाई. श्रेया गारखेड्याची, वय सत्तावीस, पीएचडी करते, आणि दुपारी डबा या दोघींबरोबर स्टोअरमध्ये खाते. ती पिठाच्या कणाहून बारीक अशा गोळ्या बनवते. वरून पॉलिमरचं पातळ कवच, आत औषध आणि हवेचा बुडबुडा. अशा लाखो गोळ्या सुईतून रक्तात सोडायच्या. बुडबुड्यामुळं त्या सोनोग्राफीत पांढऱ्या चमकतात, कुठं पोचल्या ते डॉक्टरला दिसतं. दुखणं असेल तिथं पोचल्या की बाहेरून जोराची ध्वनिलहर द्यायची. कवच फुटतं आणि औषध तिथंच सांडतं, बाकी अंगाला त्रास नाही. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पारूबाई भाकर मोडता मोडता म्हणाली, "मंग पुरनपोळी म्हन ना. आत पुरन, वर वाफ, अन् खानाऱ्याच्याच तोंडात फुटनार." श्रेयानं पुढं एका भाषणात हेच सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

अडचण एवढीच की गोळ्या एकमेकींना चिकटायच्या. सुट्ट्या, गोल, सारख्या अशा त्या आख्ख्या जन्मात एकदाच आल्या, गेल्या श्रावणात, एका शनिवारी. पोरीनं सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो छापून टेबलावर चिकटवला. राळ्याचे दाणे मांडावेत तशा गोळ्या. आणि त्यानंतर अकरा महिने परत गुठळ्याच.

त्या अकरा महिन्यांत श्रेयानं काय काय केलं ते कोणाला सांगितलं तर हसतील. त्या शनिवारी घातलेला मोरपंखी कुर्ता तिनं दर खेपेला घातला. पंखा बंद ठेवून पाहिला, खिडकी उघडून पाहिली, पुण्याहून नवीन रसायन मागवलं. तिचे गाईड विश्वजीत सर म्हणाले, दमट हवेचा परिणाम असेल, म्हणून कुंडीत भिजवलेलं पोतं आणून ठेवलं. त्या दिवशी बाहेरून वरातीचा बँड गेला होता हे कोणाला तरी आठवलं, तर द्रावण ढवळणाऱ्या यंत्राशेजारी मोबाईलवर बँडसुद्धा वाजवला. मंजुषानं गुपचूप यंत्राला अंगारा लावला. गुठळ्याच.

आणि आता सोमवारी समिती येणार होती. तीच गोळी पुन्हा करून दाखवता आली नाही तर ती एक बॅच प्रबंधातून काढून टाका, असं सरांनी सांगितलं होतं. ती काढली की उरतं काय, तर चार वर्षांच्या गुठळ्या.

मंजुषाला यामागचं खरं कारण माहीत होतं. निदान तिची तशी खात्री होती. गेल्या श्रावणात पोरगी स्टोअरमध्ये बसून रडली, त्या संध्याकाळी मंजुषानं भद्रा मारुतीला नवस केला होता. हिच्या गोळ्या नीट येऊ दे, मी अनवाणी चालत तुझ्या दारी येईन. दुसऱ्या दिवशी ती भाचीच्या बारशाला जालन्याला गेली. सोमवारी परत येते तर गोळ्या आलेल्या. पुढच्या शनिवारी चालायचं ठरलं, तर घरी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या शनिवारी गुडघा धरला. मग श्रावणच संपला. आणि तेव्हापासून गुठळ्या. याला दुसरं कारण काय असणार? अकरा महिने ती श्रेयाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती आणि तिच्या डब्यात रोज आपली एक पोळी जास्त ठेवत होती.

दौलताबादच्या अलीकडं एका मंडळानं उपवासाच्या खिचडीचा मंडप घातला होता. दोघी टेकल्या. द्रोण हातात आला. साबुदाण्याचा एकच गोळा झालेला, चमचा रोवला तर सगळा द्रोण उचलला जाईल असा.

पारूबाई त्या गोळ्याकडं बघत राहिली. "श्रेयाच्या गोळ्या," ती म्हणाली.

"मावशी, माझ्यामुळं झालं हे," मंजुषा म्हणाली, आणि तिनं नवसाची सगळी हकीकत पहिल्यांदाच कोणाला तरी सांगून टाकली. पाहुणे, गुडघा, सगळं.

पारूबाईनं द्रोण खाली ठेवला. "म्हंजे तू अकरा महिने हे डोक्यात घेऊन बसली व्हय?"

"मग काय करू."

"अन् मला कामून नाय सांगितलं?"

"तुम्ही हसल्या असत्या."

पारूबाई हसली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, बूट काढले, चिंध्या पुढं सारल्या, पुन्हा घातले. मग म्हणाली, "तुझा मारुती झोपलेला हाय ना, खुलताबादचा? आडवा?"

"हो. निद्रिस्त."

"मंग झोपलेल्याला राग कुठून येईल. मंजू, ते मी केलंय."

आणि तिनं सांगितलं. मंजुषा जालन्याला गेली त्या दिवशी भांडी धुवायचा साबण संपला. नवा डबा स्टोअरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मंजुषाच्या पर्समध्ये जालन्याला. ओट्यावर चाळीस भांडी पडलेली. पारूबाईच्या पिशवीत माहेरच्या झाडाचे रिठे होते, डोक्याला लावायचे. तिनं ते उकळले, गाळले आणि त्या फेसानं सगळी भांडी धुतली. विसळायला गेली तर शुद्ध पाण्याचं यंत्र बंद, वीज गेलेली. नळाच्या पाण्यानं एकदा विसळून तिनं भांडी रॅकला लावली. मोठ्या चंबूत रिठ्याचं पाणी भिजत ठेवलं होतं, ते ओतलं, पण तळाशी चूळभर राहिलं असावं. शनिवारी सकाळी ती यायच्या आधी श्रेयानं तोच चंबू उचलला होता.

"मला त्याच दिवशी कळलं," पारूबाई म्हणाली. "चंबू परत धुवाया आला तर त्याला रिठ्याचा वास. पन सांगू कसं? पाटी लिहिलीय ना भिंतीवर."

पाटी मंजुषानंच लिहिली होती. कॉलेजातल्या सगळ्या पाट्या तीच लिहायची, तिचं अक्षर मोत्यासारखं. कधीकाळी एका परिचरानं चिंचेनं भांडी घासली आणि एका पोराचं वर्ष वाया गेलं, तेव्हा सरांनी सांगितलं की राख, लिंबू, चिंच वापरणाऱ्याला तत्काळ कामावरून कमी करण्यात येईल असं लिहा. यादी तोकडी वाटली म्हणून मंजुषानं आपल्या मनानं त्यात रिठे आणि शिकेकाई घातली होती.

"रिठे मी घातले होते मावशी," ती म्हणाली. "ओळ भरत नव्हती."

मग पारूबाईच्या पोटातून काहीतरी गुरगुरत वर आलं, मंजुषाला आधी वाटलं खिचडी बाधली, आणि मग दोघी अशा हसत सुटल्या की खिचडी वाढणारा गडी वाटी हातात घेऊन उभाच राहिला. एक बाई ओळ भरावी म्हणून मैत्रिणीला कामावरून काढायची पाटी लिहिते, मग किल्ली घेऊन जालन्याला जाते, आणि दोष मारुतीला. मंजुषाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पारूबाई म्हणाली, "अगं माय, नको हसवू, चिंध्या भाईर आल्या."

हसू ओसरलं तशी मंजुषा गंभीर झाली. "मावशी, सांगायला हवं. आजच. सोमवारी उशीर होईल."

"म्हाईत हाय," पारूबाई म्हणाली. "मी काय तुझ्या देवासाठी आले का चालायला? कालपासून म्हनते, रस्त्यात सांगंन, रस्त्यात सांगंन. मिटमिट्याला सांगनार व्हते. मंग म्हनलं शरनापूरला." तिनं हात पुढं केला. "लाव फोन. कराराचं काय व्हायचं ते व्हईल. पोरगी मोठी का पाटी मोठी?"

श्रेया सकाळी सातपासून प्रयोगशाळेतच होती. फोन स्पीकरवर ठेवला. पारूबाईनं सगळं एका दमात सांगितलं.

"मावशी," श्रेया म्हणाली, "तुम्ही अकरा महिने मला चहा दिला, आणि हे नाही दिलं?"

"भ्याले, बाळा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि लगेच खुर्ची मागं सरकल्याचा. "रिठे कुठं आहेत?"

"माझ्या कपाटात, ॲप्रनच्या मागं. कुलूप नाय, सुतळी बांधलीय. पाच घे, बिया काढ, वाटीभर पान्यात एक उकळी दे, फडक्यातून गाळ."

"वाटीभर म्हणजे किती मिलिलिटर?"

"वाटी म्हंजे वाटी."

"माझ्या डब्यातली आमटीची," मंजुषा मध्ये पडली. "तिच्यात मी एकदा मोजलंय, दीडशे."

"आणि चंबूत किती राहिलं होतं?"

"चूळभर."

"मावशी, चूळ किती मिलिलिटर?"

इथं गाडी अडली. मंडपाशेजारी चहाची टपरी होती. चहावाले चाचा केव्हाचे कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "अम्मा, नापके देखो ना. ये लेव," आणि त्यांनी एक कागदी कप पुढं केला. पारूबाईनं बाटलीतून पाणी तोंडात घेतलं, चूळ गालांत नीट भरली आणि गंभीर चेहऱ्यानं कपात सोडली. कप निम्मा भरला. आजूबाजूची चार पोरं वाकून बघू लागली.

"हे कप आपल्याच स्टोअरला येतात, साठचे," मंजुषा फोनमध्ये म्हणाली. "तीस लिही."

"तीस," श्रेया म्हणाली. "मी दोन करते. एक रिठ्याची, एक बिनरिठ्याची. दुपारी कळेल. सरांना सांगू ना?"

पारूबाईनं क्षणभर मंजुषाकडं पाहिलं. "सांग," ती म्हणाली. "नाव सांगूनच सांग."

चाचांनी दोघींकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. "बच्ची का काम हो गया तो मीठा खिलाओ," एवढंच म्हणाले.

दौलताबाद मागं पडलं, दिल्ली दरवाजातून रस्ता घाटाला लागला. ऊन आणि सावली आळीपाळीनं डोक्यावरून जात होती, कधी एक सर येऊन चार पावलं भिजवून जायची. पारूबाई आता भरभर चालत होती आणि सारखी बोलत होती. माहेरच्या झाडाबद्दल, आईनं डोक्यावरून न्हाऊ घातल्याबद्दल, रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला की कसं होतं त्याबद्दल. मध्येच ती थांबून म्हणायची, "पन म्हन बरं, पाटी वाचूनबी रिठे लावले म्हनल्यावर सर काय म्हनतेन?" आणि पुन्हा चालू लागायची. मंजुषाच्या तळव्यांना खडे टोचत होते, पण मन इतकं हलकं झालं होतं की पाय कोणा दुसऱ्याचे असावेत.

"आता कशाला जायचं मारुतीला?" पारूबाईनं विचारलं. "नवसानं तर काय झालंच नाय."

मंजुषानं विचार केला. "तुमच्या मनात रिठे उकळायचं कुठून आलं, मावशी?"

"साबन नव्हता म्हनून."

"आणि साबण का नव्हता?"

"किल्ली तुझ्यापाशी म्हनून."

"आणि मी का गेले?"

"बारशाला."

"म्हणजे मूल कधी जन्मावं हे ज्यानं ठरवलं, त्याला नमस्कार करून येते," मंजुषा म्हणाली. "बोललेलं फेडावं. झोपलेला असला तरी."

पारूबाईला हे पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं स्वतःच्या पिशवीतली केळी मंजुषाच्या हातात दिली. "रिकाम्या हातानं नको जाऊ मंग."

घाटात फोन वाजला. पडद्यावर विश्वजीत सरांचं नाव. दोघींनी ते नाव विंचू बघावा तसं बघितलं. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला.

"दर्शनानंतर घेऊ," मंजुषा म्हणाली.

"माझं कुठलं दर्शन," पारूबाई म्हणाली, "पन घेऊ नंतरच."

खुलताबादला पोचेपर्यंत बारा वाजले. रांग दीड तासाची होती. मंजुषा आत गेली तेव्हा आडव्या, शेंदरानं माखलेल्या मारुतीसमोर तिला उभं राहायला मिळाले मोजून तीन श्वास. तिनं बरंच काही ठरवून आणलं होतं. प्रत्यक्षात ती मनात एवढंच म्हणाली, उशीर झाला, चूक माझी, त्या दोघींना सांभाळ. आणि केळी ठेवून पुढं सरकली.

बाहेर पारूबाई लिंबाच्या सावलीत बूट शेजारी काढून बसली होती. मंजुषाचा फोन तिच्याकडंच होता. तिनं तो दुरूनच हात उंच करून दाखवला.

पडद्यावर दोन फोटो होते. पहिल्यात नेहमीच्या गुठळ्या. दुसऱ्यात राळ्याचे दाणे. सुट्टे, गोल, एकमेकांना न शिवणारे, काळ्या भुईवर मांडून ठेवावेत तसे. खाली श्रेयानं लिहिलं होतं, मावशी मावशी मावशी मावशी.

मंजुषा जमिनीवरच बसली. दोघी काही वेळ नुसत्या एकमेकींचे हात हलवत राहिल्या, झिम्मा खेळताना पोरी हलवतात तसे. शेजारची एक म्हातारी म्हणाली, नात झाली वाटतं. पारूबाई म्हणाली, "व्हय, लई झाल्या. लाखभर."

मग सरांचा फोन तिसऱ्यांदा वाजला. पारूबाईनं खाणाखुणा करूनही मंजुषानं तो उचलला आणि स्पीकरवर ठेवला.

"पारूबाई आहेत?" सरांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

"हाय सर."

"ती पाटी तुम्ही वाचली होती?"

"वाचली व्हती सर. अक्षर चांगलं हाय तिचं."

मग सर म्हणाले, "एकदा आलं म्हणजे आलं असं मी मानत नाही. सोमवारी समितीसमोर आणखी दोनदा करू. ते रिठे कुठल्या दुकानातले?"

"दुकानातले नाय सर. माहेरच्या झाडाचे. फुलंब्रीकडचं हाय."

"मग त्याच झाडाचे आणा. आणि सोमवारी लवकर या."

"म्हंजे सोमवारी कामाला येऊ?"

"मग भांडी कोण धुणार?" सर म्हणाले. "तीनदा विसळून. करारावर सही मंगळवारी करा, सोमवारी मला वेळ नाही. आणि झालं ते सगळं एका कागदावर लिहून आणा, तारखेसकट, काही न लपवता. प्रबंधाला जोडायचं आहे. खाली तुमची सही."

फोन बंद झाला. पारूबाईनं बूट घातले. एक उलटा घातला हे तिच्या लक्षात आलं नाही. उठली, पुन्हा बसली.

"मंजू," ती म्हणाली, "कागद तूच लिही. तुझं अक्षर हाय."

"लिहिते की. रात्रीच लिहिते."

"रिठ्याचं लिही. किल्लीचं लिही. पाटी वाचली व्हती तेबी लिही, म्या काय लपवत नाय." ती जरा घुटमळली, पुढच्या चिंध्या अंगठ्यानं दाबत राहिली. "फकत त्या दिवशी तीनदा विसळलं नाय, हे हाय ना... हे खाली लिही. लई खाली. अन् बारीक अक्षरात."